हो, नाही आणि प्रश्न चुकला

नळाला पाणी आलं होतं आणि मी मागच्या अंगणात बादल्या भरत होतो. फोन घरात वाजत राहिला. ओल्या हातानंच उचलला. पलीकडं मुमताजभाभी होत्या, सिकंदरच्या बायको. त्या एवढंच म्हणाल्या, ''भाऊजी, या.'' फोन ठेवला, तोटी बंद केली, पायात चप्पल सरकवली आणि निघालो. आमच्या कॉलनीत माझं घर आणि त्यांचं घर यांच्यात दोनच गल्ल्या आहेत. तेवढ्या अंतरात मला किती माणसं भेटली, कोण काय बोललं, काही आठवत नाही. भाभी दारातच उभ्या होत्या, डोक्यावरचा पदर दातात धरून. ''झोपंतच गेले,'' त्या म्हणाल्या. ''मी इचारलं, उठवू का, तोंड पुसू का... डोळं उघडंनात.'' आत कॉटवर सिकंदर पडला होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काही सांगायचं बाकी राहिल्यासारखं दिसत नव्हतं. की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

सिकंदर शिकलगार हे नाव वाचकांना माहीत असायचं काही कारण नाही. तो कधी पेपरात आला नाही, कुठल्या व्यासपीठावर बसला नाही. कसबा बावड्यातल्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर त्याची सगळी नोकरी झाली. मी त्याच कारखान्याच्या शेती खात्यात होतो. रिटायर झाल्यावर दोघांनी एकाच कॉलनीत घरं बांधली. त्याच्याविषयी लिहायचं ते यासाठी, की तो माणसांना खेळ खेळायला लावायचा. आणि खेळ म्हणजे पत्ते किंवा कॅरम नव्हे. डोक्याचे खेळ, चारचौघांत बसून, मोठ्यानं विचार करत खेळायचे. त्यानं ते का सुरू केले हे सांगण्यासारखं आहे.

ज्यांनी कारखान्याचं यार्ड सीझनमध्ये बघितलंय त्यांना ती रांग डोळ्यांपुढं येईल. उसानं भरलेल्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रॉल्या, पार रस्त्यापर्यंत. मशीन बंद पडली की रांग जागची हलायची नाही. बैल उभ्यानं पेंगायचे, माणसं तंबाखू मळून मळून कंटाळायची, आणि मग नंबरावरून भांडणं. एकदा तर भांडण इतकं पेटलं की एकानं ट्रॅक्टरचा पाना उचलला. त्या वेळी सिकंदर काट्याच्या केबिनमधून बाहेर आला. किरकोळ अंगाचा, चष्मा लावलेला माणूस. तो मध्ये पडला नाही, ओरडला नाही. गाडीच्या जूवर बसला आणि म्हणाला, ''मी मनात एक गोष्ट धरलीया. वळखा बघू. तुमी कायबी इचारा, मी फक्त व्हय न्हायतर न्हाय म्हणणार.'' पाना उचललेला गडी चिडून म्हणाला, ''बैल हाय काय?'' सिकंदर म्हणाला, ''न्हाय. आन् एकदम बैलावर कशाला उडी मारताय पावणं? आदी ते जित्तं हाय का न्हाय ते तरी इचारा की. भाकरी कशी मोडता? अर्धी. मग तिच्यातली अर्धी. तसं मोडत या.''

मग दुसऱ्या एकानं विचारलं, ''बरं, जित्तं हाय?'' सिकंदर म्हणाला, ''प्रश्न चुकला.'' आता हे कुणाला कळेना. तो म्हणाला, ''व्हय म्हटलं तर खोटं, न्हाय म्हटलं तर खोटं. मग काय सांगू? म्हणून तिसरं उत्तर हाय, प्रश्न चुकला. दुसऱ्या अंगानं या.'' माणसं पेटली. हाताला लागतं का? न्हाय. दिसतं का? व्हय. इथनं दिसतं का? व्हय. तुटतं का? व्हय. वाढतं का? व्हय. तिकडं बैल हंबरत होते आणि इकडं वीस-पंचवीस माणसं डोकं धरून बसली होती. शेवटी पाना घेतलेला तोच गडी मांडीवर थाप मारून ओरडला, ''आयला, रांग!'' त्या दिवशी यार्डात जो हशा झाला तो मी ऑफिसातून ऐकला आणि काय झालं म्हणून बघायला बाहेर आलो. आमची मैत्री तिथून सुरू झाली. तोपर्यंत सिकंदर माझ्यासाठी काट्यावरचा एक माणूस होता, बस्स.

हे सगळं त्याच्याकडं कुठून आलं, असं मी त्याला पुष्कळदा विचारलं. तो कधी सरळ सांगायचा नाही. एकदाच म्हणाला, लहानपणी त्याच्या वडिलांना कमी ऐकू यायचं, आणि घरात त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, फार ओरडावं लागतं म्हणून. सिकंदर त्यांच्यापुढं बसायचा आणि खुणांनी एकेक विचारायचा. वडील मान हलवायचे. ''बोलणाऱ्याला सगळी इचारत्यात रघू,'' तो म्हणाला, ''न बोलणाऱ्याला इचारायचं म्हंजे डोस्कं लागतं.'' आणि लगेच त्यानं विषय बदलला.

रिटायर झाल्यावर कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर, सिमेंटच्या बाकांपाशी, त्यानं संध्याकाळचा अड्डा जमवला. पोरं यायची, त्यांच्या आया यायच्या, आमच्यासारखी रिकामी म्हातारी माणसं यायची. जमिनीवर खडूनं वाघ-बकरीचा पट काढायचा आणि दोन गट करायचे. एक गट वाघांचा, एक बकऱ्यांचा. अट अशी की गटातल्या प्रत्येकानं आपली चाल का, ते मोठ्यानं सांगायचं आणि गटाला पटलं तरच सोंगटी हलवायची. त्यामुळं एका डावाला संध्याकाळ पुरायची नाही. कधी खरं-खोटं खेळायचा. तिघांतला एक कायम खोटं बोलणार, बाकीचे दोघे खरं, आणि दोन प्रश्नांत खोटा शोधायचा. आमच्यातल्या चौगुले बाई, म्हणजे हायस्कूलच्या निवृत्त शिक्षिका, त्या खेळात खोटं बोलायची पाळी आली की लालबुंद व्हायच्या आणि लगेच सापडायच्या. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून सांगितलेलं, दुसरं काय होणार!

टोप्यांचा खेळ मला विशेष आठवतो. भाभींनी लोकरीच्या पाच टोप्या विणून दिल्या होत्या, तीन पांढऱ्या आणि दोन लाल. तीन माणसं एकामागं एक उभी करायची, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. डोळे मिटायला लावून प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक टोपी ठेवायची, उरलेल्या दोन लपवायच्या. मागच्याला पुढच्या दोघांच्या टोप्या दिसणार, मधल्याला फक्त पुढच्याची, आणि पुढच्याला काहीच नाही. आपल्या डोक्यावर कोणता रंग, ते सांगायचं. मी पुढं होतो. सगळ्यात मागं आमचा दूधवाला होता. तो दोन टोप्या बघून म्हणाला, ''मला न्हाय सांगता येत.'' मध्ये चौगुले बाई. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, ''मलाही नाही सांगता येत.'' मी म्हटलं, ज्यांना दिसतंय त्यांनाच येत नाही, मला काय कप्पाळ येणार? सिकंदर जवळ येऊन म्हणाला, ''रघू, दिसत नसंल तर नसू दे. ऐकू आलं की न्हाय? त्यास्नी सांगता येत न्हाय, हे तुला कळलंय. त्याचा काय अर्थ?''

मी डोकं चालवायला लागलो. मागच्याला पुढं दोन्ही लाल दिसल्या असत्या, तर त्यानं आपली पांढरी म्हणून लगेच सांगितलं असतं. त्याला सांगता आलं नाही, म्हणजे आम्हा दोघांत निदान एक पांढरी. हे बाईंनाही कळलं असणार. मग माझी लाल असती, तर बाईंनी आपली पांढरी म्हणून ओळखली असती. त्यांनाही सांगता आलं नाही... म्हणजे माझी पांढरी. मी टोपी काढून बघितली आणि खरंच पांढरी निघाली. साठी उलटलेला माणूस मी, पण त्या संध्याकाळी घरी जाताना पोरासारखा चालत होतो.

तो गोड माणूस होता असं मात्र मी लिहिणार नाही. अंदाजानं उत्तर ठोकणाऱ्याचा त्याला भयंकर राग यायचा. उत्तर बरोबर आलं तरी यायचा. ''कसं कळलं?'' विचारायचा आणि समोरचा ''असंच'' म्हणाला की तोंड फिरवायचा. कुणाला कोडं सुटलं नाही तर उत्तर सांगायचा नाही, कितीही विनवण्या केल्या तरी. त्यावरून दोन-तीन घरं अड्ड्यावर यायची बंद झाली ती झालीच. घरी भाभी वैतागलेल्या असायच्या. ''भाऊजी, साधं इचारलं, आमटीत मीठ झालंय का, तर म्हणत्यात प्रश्न चुकला. म्हंजे काय, तर जास्त झालंय! सरळ सांगाय काय हुतंय?'' त्या स्वतः कधी प्लॉटवर आल्या नाहीत. ''घरात एक हाय तेवढं बास,'' म्हणायच्या. मुलगा इरफान पुण्यात इंजिनिअर. त्याला वडिलांचा अभिमान होता, पण तो आला की बापलेकांत बोलणं थोडं आणि गप्प बसणं जास्त, असं मी बघितलंय.

मग ती संध्याकाळ आली. सिकंदर बाकावर बसला होता, पोरं समोर खाली बसली होती आणि हो-नाहीचा खेळ चालला होता. मनात धरलेली वस्तू घरातली आहे, रोज वापरतात, खायची नाही, इथवर पोरं आली होती. मग एकानं विचारलं, ती लोखंडाची आहे का? सिकंदर हो म्हणाला. थोड्या वेळानं दुसऱ्या पोरानं विसरून तोच प्रश्न विचारला, तर नाही म्हणाला. पोरांना वाटलं, आजोबांनी नवीनच काहीतरी काढलं. ती हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, ''आज आजोबा खोटं बोलणारे झालेत!'' सिकंदरही हसायला गेला आणि त्याचं तोंड एका बाजूलाच हसलं. ते चौगुले बाईंनी बघितलं. ''रघुनाथराव, गाडी बोलवा!'' त्या ओरडल्या. तोपर्यंत त्याच्या हातातला खडू खाली पडला होता आणि तो त्या खडूकडं बघत होता, आपला नसल्यासारखा.

दवाखान्यातून तो घरी आला तेव्हा उजवं अंग गेलेलं होतं आणि वाचा गेलेली होती. गिळता येत नव्हतं म्हणून नाकातून नळी घातलेली. त्या नळीतून भाभी दूध, पेज, डाळीचं पाणी सोडायच्या. डॉक्टर म्हणाले होते, समजतंय त्यांना सगळं. पण समजतंय हे कशावरून धरायचं? आम्ही जायचो, कॉटजवळ बसायचो, पावसापाण्याचं बोलायचो, कारखाना सुरू झाला, यंदा ऊस बरा आहे, असलं काहीबाही. तो आमच्याकडं बघत राहायचा. डोक्याचे खेळ खेळवणारा माणूस असा पडलेला बघून लोक हळहळायचे आणि त्याच्यादेखत म्हणायचे, ''काय व्हतं, काय झालं...'' जसा काही तो तिथं नाहीच.

एके दिवशी चौगुले बाई आल्या आणि खुर्ची ओढून थेट त्याच्या तोंडासमोर बसल्या. वर्गात उशिरा आलेल्या पोराला बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, ''शिकलगार, तुमचा डाव अर्धा राहिलाय. वस्तू घरातली, रोज वापरायची, खायची नाही. पुढं मी विचारते. हो असेल तर डोळे मिटा. नाही असेल तर खिडकीकडं बघा. आणि प्रश्न चुकला असेल तर माझ्याकडंच बघत राहा.'' मला तो प्रकार बघवेना. बाईंनी विचारलं, ''स्वयंपाकघरातली आहे?'' बराच वेळ काही झालं नाही. मग सिकंदरनं डोळे मिटले. हळूच, घट्ट, आणि पुन्हा उघडले. भाभींच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. ''भांडं आहे?'' नजर खिडकीकडं गेली. ''आवाज करते?'' डोळे मिटले. ''कुकर?'' त्यानं बाईंकडं टक लावून बघितलं. प्रश्न चुकला. भाभीच मागून म्हणाल्या, ''शिट्टी? कुकरची शिट्टी?'' सिकंदरनं डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. त्यांच्या कडांतून पाणी आलं. भाभी भिंतीला टेकून खाली बसल्या. ''ऐकतंय की वं सगळं,'' त्या म्हणत राहिल्या. ''मी काय काय बोलले यांच्यापुढं... सगळं ऐकलंय.''

त्या दिवसापासून त्या खोलीत बोलणं सुरू झालं. अंग दुखतंय? पंखा कमी करू? कूस बदलू? एकेक प्रश्न, मग थांबायचं, त्याच्या डोळ्यांकडं बघायचं. भाभी सगळ्यात लवकर तयार झाल्या. त्यांनी स्वतःच एक रीत काढली. प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी विचारायची. ''पाणी सोडू?'' आणि मग, ''नको का?'' पहिल्याला डोळे मिटले आणि दुसऱ्याला नजर खिडकीकडं गेली, तरच खरं धरायचं. ''माझीच चूक हुया नको,'' म्हणायच्या. ''थकलेलं असत्यात, डोळं आपोआप मिटत्यात.'' माझ्या मनात आलं, हे तो अड्ड्यावर वर्षानुवर्षं शिकवत होता आणि ही बाई तिथं एकदाही आली नव्हती.

पण थोड्या दिवसांनी एक वेगळंच सुरू झालं. काहीही विचारलं तरी सिकंदर टक लावून बघत राहायचा. भूक? टक. दुखतंय? टक. इरफानला बोलवू? टक. काहीतरी सांगायचं होतं त्याला आणि आमचे प्रश्न चुकत होते. आम्ही घरातल्या वस्तू संपवल्या, माणसं संपवली, गावं संपवली. भाभी रडकुंडीला आल्या. शेवटी चौगुले बाई म्हणाल्या, ''आपण सारखं काय पाहिजे तेच विचारतोय.'' आणि त्यांनी त्याला विचारलं, ''शिकलगार, तुम्हाला काहीतरी नकोय?'' त्यानं डोळे मिटले. असे मिटले, की जणू एवढा वेळ तो दार ठोठावत होता आणि आत्ता कुठं कुणी उघडलं. ''औषधं नकोत?'' टक. ''नळी नको?'' मिटले. ''फक्त नळी?'' खिडकी. ''दवाखाना नको?'' मिटले.

बाई माझ्याकडं बघायला लागल्या, मी भाभींकडं. पुढच्या आठवड्यात इरफान येणार होता. त्यानं पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यात सगळी व्यवस्था केली होती. पोटात कायमची नळी बसवायची, तिथंच ठेवायचं, चोवीस तास नर्स. पोरगं बापासाठी धडपडत होतं, त्यात त्याचं काय चुकलं? पुढचा प्रश्न काय, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. सिकंदर एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. भाभी उठल्या, त्याच्या उशाशी जाऊन बसल्या आणि त्याच्या कपाळावर हात ठेवून त्यांनी विचारलं, ''हितंच ऱ्हायाचं? माझ्याजवळ? जे व्हायचं ते हितंच?'' डोळे मिटले. ''पुण्याला न्यायचं का?'' नजर खिडकीकडं. भाभींनी पुन्हा विचारलं, शब्द बदलून, उलटसुलट करून. उत्तर तेच. त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला.

इरफानला हे फोनवर सांगायला कुणाचीच जीभ रेटेना. तो आला तेव्हा भाभींनी सांगितलं. तो भडकला. ''काका, तुम्हीसुद्धा?'' मला म्हणाला. ''डोळे कसेही हलतात. तुम्हाला पाहिजे तसा अर्थ लावताय. ही काय खेळायची वेळ आहे?'' त्याची शंका खोटी नव्हती, मलाही ती येऊन गेली होती. भाभी शांतपणे म्हणाल्या, ''आमच्यावर इस्वास ठेवू नको. तू इचार. तुज्या तोंडानं इचार.''

आम्ही समोर असलो की भाभी मराठीत बोलायच्या, पण एरवी घरात ती माणसं आपल्या बोलीत बोलतात. इरफान कॉटपाशी गुडघ्यावर बसला. इंजिनिअर माणूस, त्यानं आधी ताडून बघितलं. ''अब्बा, मैं इरफान नहीं, बराबर?'' नजर खिडकीकडं गेली. ''मेरा नाम सलीम है?'' खिडकी. ''मैं तुमारा बेटा है?'' डोळे मिटले. इरफानचा आवाज बदलला. ''पुना चलते? अच्छे डॉक्टर हैं, अब्बा. चलते ना?'' सिकंदरनं खिडकीकडं बघितलं. तिथून नजर परत आणली ती मुलाच्या तोंडावर ठेवली आणि पुन्हा खिडकीकडं नेली, सावकाश, नीट, म्हणजे पोराला शंका राहू नये. इरफान खाली मान घालून बसला. मग फार हळू, आम्ही तिथं आहोत हे विसरून, त्यानं विचारलं, ''मेरे पे गुस्सा है क्या?'' खिडकी. ''सच्ची?'' डोळे मिटले. त्या बापलेकांत त्या दिवशी जेवढं बोलणं झालं, तेवढं माझ्यासमोर तरी कधी झालं नव्हतं. मी आणि चौगुले बाई बाहेर येऊन पायरीवर बसलो. बाईंनी पदरानं चष्मा पुसला आणि पुसतच राहिल्या.

पुण्याचं रद्द झालं. नळी काढली. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं, काय होईल, कसं होईल, किती दिवस... भाभी चमच्यानं दोन-दोन थेंब भरवायच्या. कधी जायचं, कधी ठसका लागायचा आणि पाठ चोळत बसावं लागायचं. इरफान रजा काढून राहिला. मी रोज जायचो. वाचताना हे सगळं शांत, समाधानाचं वाटेल, पण तसं ते नव्हतं. माणूस डोळ्यांदेखत वाळत जातो, आणि आपण त्याला विचारूनच हे करतोय, असं मनाला सांगावं लागतं. ठसका लागला की इरफान खोलीबाहेर जायचा. एकदा अंगणात मला म्हणाला, ''काका, मी परत विचारू का? मत बदललं असेल तर?'' तो आत गेला, विचारलं, परत आला. ''तेच म्हणतात,'' म्हणाला. असं त्यानं किती वेळा विचारलं असेल देव जाणे.

शेवटच्या आठवड्यात सिकंदर पुन्हा टक लावून बघायला लागला. आम्ही पुन्हा सुरुवात केली. काहीतरी पाहिजे? टक. काहीतरी नको? टक. कुणाला भेटायचं? कुणाला सांगायचं? कुणाची माफी? काही राहिलंय? टक, टक. बाईंनी आपली सगळी बुद्धी पणाला लावली. इरफाननं मोबाइलवर अक्षरं दाखवली, पण एवढं नजरेनं धरायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. जग अर्धं अर्धं मोडत आम्ही कुठं कुठं जाऊन आलो आणि त्याचा प्रश्न आम्हाला सापडला नाही. दोन दिवसांनी त्यानं टक लावणंही सोडलं. विचारलं की डोळे मिटायचा, पण ते हो होतं की नुसता थकवा, कळायचं नाही. भाभी तरीही दोन्ही बाजूंनी विचारत राहिल्या. आणि मग ती सकाळ झाली.

दुपारी बावड्याच्या कब्रस्तानात त्याला ठेवला. यार्डातले जुने ट्रॅक्टरवाले आले होते, कॉलनीतले झाडून सगळे होते. अड्ड्यावर यायची सोडलेली घरंही आली. मूठभर माती टाकताना माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, एवढंच होतं की काय विचारायचं राहिलं? इरफान अधूनमधून फोन करतो. इकडचं तिकडचं बोलतो आणि शेवटी विचारतो, ''काका, आपण बरोबर विचारलं ना?'' मी हो म्हणतो. पुण्याच्या बाबतीत मला खात्री आहे. शेवटच्या आठवड्याची नाही. ती खात्री कुणाकडूनच मिळणार नाही, आणि हे कोडं दुसऱ्या कुणाला सुटलं असतं असंही मला वाटत नाही. अड्डा बंद आहे. पोरं सायकली फिरवतात. एक-दोनदा चौगुले बाई आणि मी बाकावर जाऊन बसलो, पण आम्हा दोघांत खेळ कसला होणार...

परवा त्याचा चाळिसावा दिवस झाला. पाहुणे गेल्यावर मी जरा मागं थांबलो. खोलीतली कॉट इरफाननं हलवली होती, भिंतीपाशी सतरंज्यांची चवड होती. भाभी आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. ''चहा ठेवू, भाऊजी?'' मी म्हटलं, ''ठेवा की.'' त्या गेल्या नाहीत. थोडं थांबून म्हणाल्या, ''नको का?'' मी म्हटलं, ''नको कशाला, घेतो की भाभी.'' तरीही त्या तिथंच होत्या. माझ्या तोंडाकडं त्यांचं लक्षच नव्हतं. त्या माझ्या डोळ्यांकडं बघत होत्या, वाट बघत होत्या. मग त्यांच्या लक्षात आलं. पदर सावरत त्या आत गेल्या आणि मी त्या रिकाम्या खोलीत चहाची वाट बघत बसलो.